विश्लेषण : रायफलची रिकामी पुंगळी पुन्हा कशी भरतात? त्याआधीच्या तयारीला एवढे महत्त्व का?

रायफलमधून गोळी सुटली की बाजूला उडते ती पितळेची पुंगळी. आपल्याकडे तिचा उल्लेख येतो तो बहुधा ‘घटनास्थळी पोलिसांना रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ अशा बातमीत. अमेरिकेत मात्र हीच रिकामी पुंगळी जपून ठेवली जाते, विकली जाते आणि घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा भरलीही जाते. शिकारी आणि लांब पल्ल्याचे स्पर्धक नेमबाज यांच्यासाठी हा छंदही आहे आणि बचतही. पण एकदा वापरलेली पुंगळी नवी राहिलेली नसते. तिची नीट तपासणी आणि तयारी झाली नाही, तर नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर अपघात होऊ शकतो. ही तयारी म्हणजे नेमके काय, त्यामागचे धातुशास्त्र काय सांगते आणि भारतात याबाबत कायदा काय म्हणतो, याविषयी…

काडतुसात काय काय असते?

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे निमुळती गोळी म्हणजे बुलेट, तिच्या मागे दारू, तळाशी ठिणगी पाडणारा छोटा प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. चाप ओढला की रायफलची पिन प्रायमरवर आदळते, प्रायमर पेटतो, त्याची ज्वाला छोट्या छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते आणि दारूच्या वायूने गोळी नळीतून पुढे ढकलली जाते. यात गोळी निघून जाते, दारू जळून जाते, प्रायमर निकामी होतो. शिल्लक राहते ती पुंगळी. सुट्या भागांच्या किमती पाहिल्या तर चौघांत बहुतेक वेळा पुंगळीच महाग असते. त्यामुळे ती पुन्हा वापरली तर खर्च बराच वाचतो.

दुसरे कारण अचूकतेचे. कारखान्यातील काडतूस त्या मापाच्या कोणत्याही रायफलमध्ये चालेल अशा बेताने बनवलेले असते. हाताने भरलेले काडतूस एकाच रायफलला बेतून तयार करता येते. तयार कपडे आणि शिंप्याकडून शिवून घेतलेले कपडे यांत जो फरक, तोच येथे. शेकडो मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या ‘बेंचरेस्ट’ आणि ‘एफ क्लास’ या प्रकारांतील स्पर्धक म्हणूनच आपली काडतुसे स्वतः भरतात.

ही पद्धत सुरू कधी झाली?

काडतूस कागदाचे होते तोवर पुनर्वापराचा प्रश्नच नव्हता. १८५७च्या उठावात ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला, ती एन्फिल्ड बंदुकीची काडतुसे कागदीच होती. शिपायाने ती दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची आणि काम संपले. धातूची पुंगळी रुळली ती त्यानंतर.

१८६६च्या सुमारास दोन माणसांनी प्रायमर बसवण्याच्या दोन पद्धती आणल्या. इंग्लंडमध्ये वुलिचच्या शस्त्रशाळेतील एडवर्ड बॉक्सर यांनी एक आणि अमेरिकेत हायरम बर्डन यांनी दुसरी. प्रायमर चिरडला जाण्यासाठी त्याच्या आत ऐरणीसारखा एक टेकू लागतो. बॉक्सर यांच्या पद्धतीत हा टेकू प्रायमरमध्येच असतो, त्यामुळे पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असते. बर्डन यांच्या पद्धतीत टेकू पुंगळीच्या तळाचाच भाग असतो आणि त्याच्या कडेला दोन बारीक छिद्रे असतात. गंमत अशी की, इंग्रज माणसाची बॉक्सर पद्धत पुढे अमेरिकेत रुजली आणि अमेरिकी माणसाची बर्डन पद्धत युरोपात.

पुनर्भरणाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरला. मधोमध एकच छिद्र असले की वरून एक सळई घालून जुना प्रायमर सहज ढकलून काढता येतो. दोन बारीक छिद्रे असली की हेच काम किचकट होते. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांवर गव्यांची शिकार करणारे लोक मुक्कामाच्या ठिकाणी आपल्या पुंगळ्या स्वतःच भरत असत. पुढे या छंदासाठीची अवजारे बनवणारा उद्योगच उभा राहिला. लायमन ही कंपनी १८७८ मधली, तर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे आरसीबीएसची स्थापना १९४३ मधली.

कोणत्या पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत?

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारात वापरतात ते पॉइंट टू टू हे ‘रिमफायर’ काडतूस. त्यात वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारे रसायन पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेले असते आणि पिन त्या कडेवरच आदळून ती चेपते. चेपलेली कड पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. त्यामुळे या पुंगळ्या थेट भंगारात जातात. १० मीटर एअर रायफलमध्ये तर काडतूसच नसते, दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो. म्हणजे आपल्याकडे सर्वाधिक चर्चेत असलेल्या दोन्ही रायफल प्रकारांचा पुनर्भरणाशी संबंध येत नाही.

पुनर्भरण होते ते ‘सेंटरफायर’ म्हणजे तळाच्या मधोमध वेगळा प्रायमर असलेल्या काडतुसांचे. ३०० मीटर रायफल प्रकारात अशी काडतुसे वापरतात, पण हा प्रकार १९७२च्या म्युनिकनंतर ऑलिम्पिकमध्ये राहिलेला नाही. सेंटरफायरमध्येही पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या सहसा बाजूला काढल्या जातात. पोलादी पुंगळी ओळखण्यासाठी साधा लोहचुंबक पुरतो. पुंगळीच्या आत उजेड टाकून पाहिले आणि एकाऐवजी दोन छिद्रे दिसली, तर ती बर्डन पद्धतीची असल्याने तीही बाद.

गोळी सुटताना पुंगळीवर काय बेतते?

शिकारीत आणि स्पर्धांत लोकप्रिय असलेले पॉइंट ३०८ विंचेस्टर हे काडतूस उदाहरणादाखल घेऊ. ते १९५२ मध्ये बाजारात आले आणि नाटो देशांच्या ७.६२ बाय ५१ मिलिमीटर काडतुसाचे ते नागरी भावंड मानले जाते. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार त्यात कमाल सरासरी दाब ६२ हजार पीएसआय इतका असू शकतो. मोटारीच्या चाकात आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. म्हणजे हा दाब त्याच्या जवळपास १,९०० पट झाला. तो टिकतो सेकंदाच्या काही हजारांश भागापुरताच, पण तेवढ्यात पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या कोठ्याच्या, भिंतींना चिकटते. त्यामुळे वायू मागे नेमबाजाकडे येत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आकसते आणि पुंगळी बाहेर काढता येते. काडतुसांसाठी पितळच का, याचे उत्तर या ताणण्या-आकसण्याच्या गुणात आहे. त्यासाठीच्या मिश्रधातूत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते.

रायफलची पुंगळी बाटलीसारखी असते. तळ जाड, मग धड, त्यावर उतरता खांदा आणि शेवटी गोळीला धरणारा अरुंद गळा. गोळी सुटताना पुंगळीची पातळ पुढची बाजू आधी चेंबरला घट्ट चिकटते. जाड तळ मात्र मागे सरकून बोल्टला टेकतो. पुढचा भाग पकडलेला आणि मागचा भाग मागे सरकणारा, यात मधले धातूचे कडे ताणले जाते. ही जागा तळाच्या जरा वर असते. प्रत्येक वापरात ती थोडी थोडी पातळ होते. पुंगळी तुटायची असेल तर बहुधा येथेच तुटते.

पहिली पायरी कोणती?

पुंगळी कुठून आली, हा पहिला प्रश्न. स्वतःच्या रायफलमधून एकदाच उडालेली असेल तर तिचा इतिहास माहीत असतो. नेमबाजीच्या मैदानावरून उचललेल्या किंवा पोत्याने विकत घेतलेल्या पुंगळ्यांबाबत तसे नसते. एखादी पुंगळी आधी किती वेळा भरली गेली, ती कोणत्या रायफलमधून सुटली, हे तिच्याकडे नुसते पाहून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून अनुभवी लोक पुंगळ्या गटागटाने वेगळ्या ठेवतात. तळावरचा शिक्का पाहून बनावट आणि वर्ष वेगळे करतात, डब्यावर किती वेळा भरल्या याची नोंद ठेवतात. मिसुरी राज्यातील लेक सिटी या लष्करी कारखान्याच्या पुंगळ्यांवर ‘एलसी’ ही अक्षरे आणि वर्षाचे आकडे असतात. ढिगात चुकून एखादे न सुटलेले काडतूसही आलेले असू शकते. म्हणून ढीग एकेक करून निवडावा लागतो.

त्यानंतर एकेक पुंगळी हातात घेऊन पाहिली जाते. गळ्याला उभी चीर, धडाला भेग, खोल पोचा, प्रायमरभोवती काजळीचा डाग, यांपैकी काही दिसले की पुंगळी बाद. बाहेरून तळाच्या वर चमकदार आडवी रेघ दिसली तर आतल्या बाजूचा धातू पातळ झाल्याची ती खूण असू शकते. ती पारखण्याची पद्धत अगदी साधी आहे. कागद जोडायची टाचण सरळ करून तिचे टोक वाकवतात आणि आतल्या भिंतीवरून वर-खाली फिरवतात. टोक खाचेत अडकले तर त्या पुंगळीचे आयुष्य संपले. बाद पुंगळी पक्कडीने चेपून टाकण्याची शिस्त आहे, म्हणजे ती चुकून परत ढिगात जात नाही.

स्वच्छता करताना काय टाळायचे?

पुंगळ्या धुळीने, काजळीने माखलेल्या असतात. वाळूचा एक कण पुढे साच्यावर आणि रायफलच्या चेंबरवर ओरखडा पाडू शकतो. म्हणून मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भरडा भरलेल्या, थरथरणाऱ्या भांड्यात त्या तासन्‌तास घोळवतात. काही जण पाणी, साबण आणि बारीक पोलादी टाचण्या घातलेल्या फिरत्या पिंपात धुतात. आपल्याकडे पितळेची भांडी चिंच-लिंबाने उजळतात, तसे सौम्य सायट्रिक आम्लही वापरले जाते. मात्र आम्ल तीव्र झाले किंवा वेळ वाढला तर पितळेतले जस्त निघून जाते आणि धातूवर गुलाबी झाक येते. धुतलेल्या पुंगळ्या आतून पूर्ण वाळल्याच पाहिजेत.

एक गोष्ट कटाक्षाने टाळली जाते, ती म्हणजे अमोनिया असलेले पॉलिश. या नियमामागचा धडा भारतातच मिळाला होता. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यात ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर पाहावे तर कित्येक काडतुसांच्या पितळेला भेगा पडलेल्या असत, विशेषतः गळा गोळीवर आवळलेला असे तिथे. ऋतूशी जोडलेला प्रकार म्हणून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत साचून राहिलेला ताण, या दोहोंमुळे धातू चिरत होता. पितळेची भांडी लख्ख करणारे प्रत्येक पॉलिश पुंगळीला चालत नाही, ते यासाठी.

मूळ आकार परत कसा देतात?

फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणण्यासाठी तिला कठीण पोलादाच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, तरफेच्या दाबाने ढकलतात. याच झटक्यात डायमधली पिन जुना प्रायमर बाहेर पाडते. त्याआधी पुंगळीला खास वंगणाचा पातळ हात द्यावा लागतो. वंगण विसरले तर पुंगळी साच्यात अशी रुतते की ती काढायला वेगळे अवजार लागते. जास्त झाले तर अडकलेल्या वंगणाने खांद्याला पोचा पडतो. नंतर ते सारे पुसून काढावे लागते.

येथे दोन मार्ग आहेत. फक्त गळा आवळायचा किंवा पूर्ण पुंगळी मापात आणायची. दुसऱ्याच्या रायफलमधून सुटलेली पुंगळी असेल तर पर्याय उरत नाही, पूर्ण आकार द्यावाच लागतो. कारण दोन रायफलींचे चेंबर तंतोतंत सारखे नसतात.

नवशिक्यांची चूक होते ती खांद्याबाबत. साचा खालपर्यंत घट्ट बसवून खांदा जितका मागे दाबू तितके काडतूस सहज बसेल, असे वाटते. प्रत्यक्षात खांदा गरजेपेक्षा मागे गेला की चेंबरमध्ये मोकळी जागा वाढते, पुढच्या वेळी पुंगळी तेवढी जास्त ताणली जाते आणि तळाजवळचे ते कडे झपाट्याने पातळ होते. बोल्ट हाताने चालवायच्या रायफलमध्ये खांदा सुटलेल्या पुंगळीपेक्षा एक-दोन सहस्रांश इंच, म्हणजे जेमतेम ०.०५ मिलिमीटर, मागे नेणे पुरेसे मानतात. स्वयंभरण रायफलमध्ये काडतूस अडू नये म्हणून थोडे अधिक. हे माप नजरेचे नाही. त्यासाठी कॅलिपरला लावायचे खास मापक मिळते.

लांबी का मोजतात, गळा का कापतात?

ताणलेले आणि पुन्हा दाबलेले पितळ पुढच्या बाजूला, गळ्याकडे सरकते. त्यामुळे पुंगळी लांब होत जाते. पॉइंट ३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर आहे. कापून ती सहसा २.००५ इंचांवर आणतात. फरक पाव मिलिमीटरचा, साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा. पण तोंड वाजवीपेक्षा लांब राहिले तर ते चेंबरच्या टोकाला जाऊन रुतते. तिथे त्याला पसरायला जागा नसते, गोळी गळ्यातून सुटत नाही आणि दाब धोकादायकरीत्या चढतो.

मोजमाप आकार दिल्यानंतरच करायचे असते. साच्यातून जातानाही लांबी वाढते, त्यामुळे आधी मोजलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. कापल्यावर तोंडाची धार आतून-बाहेरून हलकेच घासून काढतात, म्हणजे नवी गोळी बसवताना तिच्यावर ओरखडा उठत नाही.

प्रायमरच्या खळग्यात काय पाहतात?

जुना प्रायमर निघाला की त्याच्या खळग्यात काजळी उरते. ती खरवडून काढली नाही तर नवा प्रायमर पूर्ण आत जात नाही. प्रायमर तळाच्या पातळीपेक्षा किंचित खालीच बसला पाहिजे. वर राहिला तर काही स्वयंभरण रायफलींत बोल्ट आदळताच काडतूस चाप न ओढता सुटण्याची भीती असते.

लष्करी पुंगळ्यांत आणखी एक अडचण येते. हादऱ्यांनी प्रायमर निसटू नये म्हणून कारखान्यात त्याच्याभोवती धातूची कड दाबलेली असते. जुना प्रायमर काढल्यावर ही कड कापून किंवा दाबून सरळ करावी लागते. शिवाय ७.६२ मिलिमीटर लष्करी पुंगळीची भिंत नागरी पुंगळीपेक्षा बहुधा जाड असते. बाहेरून माप तेच, पण आतली जागा कमी. तेवढीच दारू कमी जागेत जळली की दाब वाढतो. म्हणून या पुंगळ्या नागरी पुंगळ्यांत मिसळत नाहीत.

नवा प्रायमर बोटाच्या हलक्या दाबाने सैलसर आत गेला, तर खळगा मोठा झाला आहे आणि त्या पुंगळीने आधी बराच दाब सोसला आहे, असे समजून ती टाकून देतात.

पुंगळी तापवून मऊ का करतात?

तार एकाच जागी वाकवत राहिलो की ती कडक होते आणि तुटते. पुंगळीच्या गळ्याचेही तेच होते. प्रत्येक वेळी फुगणे आणि आवळणे यामुळे पितळ कडक होत जाते आणि शेवटी गळ्याला चीर पडते. त्यावर उपाय जुनाच आहे. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडे ठोकताना मध्येच ते भट्टीत तापवून मऊ करून घेतात आणि मग पुन्हा ठोकतात. पुंगळीच्या गळ्याला काही सेकंद मोजकी आच देणे हाच तो प्रकार, इंग्रजीत त्याला ‘अनीलिंग’ म्हणतात. लष्करी काडतुसांच्या गळ्याशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो कारखान्यात दिलेल्या याच आचेचा. नागरी काडतुसांवरून तो बहुधा पॉलिश करून काढलेला असतो.

मात्र आच फक्त गळ्याला आणि खांद्यालाच द्यायची. तळ मऊ झाला तर तो दाब पेलू शकत नाही. गळा मऊ आणि तळ कडक, ही कारखान्याने मुद्दाम ठेवलेली रचना आहे. ती एकदा बिघडली की पुंगळी पूर्ववत करता येत नाही. म्हणून घाईत, अंदाजाने दिलेली आच ही न दिलेल्या आचेपेक्षा वाईट समजली जाते.

चूक झाली तर काय होते?

तळाजवळ पातळ झालेली पुंगळी गोळी सुटताना आडवी फाटली, तर पुढचा अर्धा भाग चेंबरमध्ये अडकतो आणि तप्त वायू मागच्या बाजूने निसटतात. आधुनिक रायफलींत असे वायू बाजूला वळवण्याची छिद्रे असतात, पण डोळ्यांना आणि हाताला इजा होऊ शकते. म्हणूनच संरक्षक चष्मा सक्तीचा मानला जातो.

दुसरा धोका हळूहळू येणारा आहे. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते. वापरलेल्या पुंगळ्या घोळवताना उडणाऱ्या धुळीत हे शिसे असते. त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात न करणे, हवा खेळती ठेवणे, धूळ ओल्या फडक्याने टिपणे, काम झाल्यावर हात धुणे आणि लहान मुलांना दूर ठेवणे, हे नियम पाळले जातात. शिशाचा सर्वाधिक फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो.

अमेरिकेत या पुंगळ्यांचा बाजार कसा चालतो?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी बनवायची तर लागतो. त्यामुळे ‘एकदाच वापरलेल्या’ लष्करी पुंगळ्यांना तिथे मोठी मागणी असते. मार्च २००९ मध्ये संरक्षण खात्याने अशा पुंगळ्या चेपूनच विकाव्यात, असे धोरण आणले. त्यावर ओरड झाली. मोंटानाचे सिनेटर मॅक्स बॉकस आणि जॉन टेस्टर यांनी पत्र लिहिले आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. करोनाकाळात तयार काडतुसांची टंचाई झाली तेव्हा पुनर्भरणाकडे लोकांचा ओढा वाढला, पण मग प्रायमरच मिळेनासे झाले. पुंगळी अनेकदा वापरता येते, प्रायमर एकदाच, हे तेव्हा अनेकांना नव्याने जाणवले.

भारतात हे करता येते का?

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यासाठी त्यासाठीचा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे म्हणून काडतुसे बनवण्याची मुभा मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. आपल्याकडे रायफलची काडतुसे बनतात ती प्रामुख्याने सरकारी कारखान्यांत. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथेही छोट्या शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत आहेत.

एनसीसीच्या शिबिरात गोळीबार केलेल्यांना आठवत असेल की, सराव संपला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात. हिशेब जुळेपर्यंत मैदान सुटत नाही. त्यामागे किती गोळ्या झाडल्या याची खातरजमा असते, तशीच पुंगळी भलत्या हाती जाऊ नये ही काळजीही. पुंगळीवर पिनेचे, बोल्टचे आणि ती बाहेर खेचणाऱ्या आकड्याचे ठसे उमटतात. त्यावरून न्यायवैद्यक प्रयोगशाळा शस्त्राची ओळख पटवतात. अनेकदा वापरलेल्या पुंगळीवर एकापेक्षा अधिक ठसे असू शकतात आणि तपास अवघड होतो.

परदेशातून येताना काय लक्षात ठेवावे?

अमेरिकेत मुला-मुलींकडे गेलेले अनेक जण हौसेने नेमबाजीच्या मैदानावर जातात आणि आठवण म्हणून एखादी पुंगळी खिशात टाकतात. काहींची किल्लीची साखळीच पुंगळीची असते. विमानतळावर क्ष-किरण यंत्रात ती काडतुसासारखीच दिसते आणि चौकशी सुरू होते. पिशवीच्या कप्प्यात विसरलेले जिवंत काडतूस निघाले तर गुन्हाही दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२च्या गुणवंतलाल प्रकरणात शस्त्र ‘बाळगणे’ यासाठी ते आपल्याजवळ आहे याची जाणीव असणे आवश्यक मानले. त्याचा आधार पुढे न्यायालयात मिळू शकतो. पण तोवर विमान चुकते, वकील शोधावा लागतो आणि तारखा पडतात. तेव्हा मैदानावर वापरलेली पिशवी प्रवासाला नेण्याआधी पूर्ण उलटी करून झटकावी आणि आठवण म्हणून छायाचित्र आणावे. पुंगळी तिथल्या डब्यातच टाकून यावी.